कासारीणमावशीचा हात

कासारीणमावशी आधी हात धरायची आणि मग बोलायची. "कशी हायस", "कुठली गो तू" हे सगळं नंतर. दारात टेकली, डोक्यावरची टोपली उतरवली, की समोर दिसेल तो हात ती आपल्याकडे ओढून घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, पाची बोटं जुळवून बघायची आणि हात न सोडताच विचारपूस सुरू करायची. मग ती नवी नवरी असो, नातवंडं-पतवंडं झालेली म्हातारी असो, नाहीतर माझ्यासारखी परक्या मुलखातून आलेली नर्स असो. काचेच्या बांगड्या भरून घेताना पोरी घाबरत. बांगडी हाडावर अडकली की डोळ्यांत पाणी यायचं. मग मावशी बांगडी बाजूला ठेवून नुसता हात चोळत बसायची. "सैल सोड गो. घाबरट हाताला बांगडी चावते," म्हणायची, आणि भलतंच काहीतरी विचारायची. तुमची म्हैस व्याली काय? टोणगा झाला की पारडी? पोरगी उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची.

मी पोलादपूरला नर्स म्हणून आले तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. नसबंदीच्या धास्तीनं वाड्यावाड्यांतली माणसं इतकी बिथरलेली, की पांढरी साडी पाऊलवाटेवर दिसली की पुरुष रानात पळत आणि बायका आतून कडी लावत. मी घाटावरची, वयानं लहान, बंद दारांसमोर उभी राहायची. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई द्यायची म्हटलं तरी "आमच्याकडं कोन गरवार नाय," असं आतून उत्तर. अशाच एका वाडीच्या कडेला आंब्याखाली ही बाई बांगड्यांच्या माळा सोडवत बसली होती. महाडहून सकाळच्या गाडीनं यायची, दिवसभर वाड्या फिरायची, संध्याकाळी परत. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझा हात ओढला, मनगट दाबलं.

"सुईवाली ना तू? बांगडीचं दोन-चार माप. हाडं बारीक हायत. चल माझ्यासंगं."

"कुठे?"

"मी जाते तिथं. माझ्या बांगडीला हात लागतो, तुझ्या सुईलाबी हातच लागतो."

त्या दिवशी एका ओटीवर गरोदर बाईचा डावा हात मावशीच्या मांडीवर आणि उजवा दंड माझ्यापुढे, अशी मी त्या वाडीतली पहिली सुई दिली. पुढे आमचं हे असंच चाललं. ती नसती तर मी पहिल्याच उन्हाळ्यात बदली मागून गेले असते.

मावशीनं वाईट शब्द तोंडातून काढलेला मी ऐकला नव्हता. बांगडी फुटली असं ती कधी म्हणत नसे, 'वाढवली' म्हणायची. सगळ्याच कासारणी म्हणतात, पण हिचं ते सगळीकडे चालायचं. दिवा विझला म्हणायचं नाही, तांदूळ संपले म्हणायचं नाही. एखाद्या घरी मूल दगावलेलं असलं तर त्या घरात ती तासभर बसायची, बाईचा हात धरायची, आणि एक शब्द न बोलता उठायची. जातीपातीचं मात्र ती स्पष्ट बोलायची. मराठ्यांच्या ओट्यावर बसायची तशीच बौद्धवाडीत आणि तशीच मुसलमानांच्या मोहल्ल्यात. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "हाताला जात नसती, माप असतं. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. चौथं माप मी अजून बघितलं नाय."

तिचे यजमान तात्या. महाडच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं लहानसं दुकान होतं. किडकिडीत, हळू बोलणारे, पावसाळ्यात सावित्रीला पाणी चढायच्या आधीच माळ्यावर माल नेऊन ठेवणारे. "आमच्या ह्यांना दुकानातला आरसाबी दचकवतो," असं मावशी त्यांच्यादेखत म्हणायची आणि तात्या हसायचे. मूलबाळ नव्हतं. दोघंही एकाच ताटात जेवत, हे मला एकदा अचानक त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

मावशीची एक सवय मात्र वाईट होती. तंबाखू-चुन्याची गोळी तिच्या डाव्या गालात कायम असायची. झोपतानाही. "तिला तिथं ठेवल्याबगार मला चालवत नाय," म्हणायची. एका दुपारी माझ्या खोलीवर जेवताना तिनं आमटीचा घास घेतला आणि गाल धरून बसली. मी तोंड उघडायला लावलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध, गोळी बसायची तिथं, कडा वर आलेली जखम. प्रशिक्षणात मी असलं एकदाच पाहिलं होतं. जेवण तसंच ठेवून मी तिला महाडच्या गाडीत बसवलं.

महाडच्या डॉक्टरांनी जखमेचा तुकडा तपासायला मुंबईला पाठवला. मग मावशी-तात्या मुंबईला कॅन्सरच्या दवाखान्यात राहिले. गालाचा भाग काढला, किरणांचा, लोक म्हणतात तसा विजेचा, शेक दिला. परत आली तेव्हा अर्धा चेहरा जळक्या लाकडासारखा काळवंडलेला, जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता, बोलणं दातांतून. गावात तोवर कुणी त्या आजाराचं नाव घेत नव्हतं. 'तिला ते झालंय' म्हणायचे. वाईट शब्द न उच्चारणाऱ्या या बाईनं मात्र पहिल्याच फेरीला टोपली उतरवली आणि सांगून टाकलं, "कॅन्सर झाला मला. कापून काढला. हात दे." बायांनी हात दिले. वर्ष-सव्वा वर्ष चांगलं गेलं. मला वाटलं, सुटली.

मग ती गाठ.

रविवार होता. गाडी चुकली म्हणून ती माझ्याकडे थांबली होती आणि दुपारी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. केसांखाली, टाळूच्या जरा मागे, बोटाला काहीतरी लागलं. वालाच्या दाण्याएवढं. कठीण, दुखत नव्हतं, कातडीबरोबर हलत होतं पण कातडीपासून सुटत नव्हतं. मी बोट तिथून काढलं आणि पुन्हा तिथंच नेलं. "काय झालं गो, ऊ सापडली काय?" मावशीनं विचारलं. मी हो म्हटलं. तेल लावत राहिले. गालात होतं ते कापून काढलं, मग डोक्याच्या कातडीत हे काय? कॅन्सर मानेत उतरतो, फुप्फुसात जातो, हे मी ऐकलं होतं. कातडीवर असा दाणा फुटतो हे कुणी शिकवलं नव्हतं. अर्धवट शिकलेल्या माणसाची भीती वाईट. काहीच न कळणारा निदान झोपतो तरी.

पाहता पाहता दाणे वाढले. एक छातीवर, दोन दंडावर, एक पोटावर. जांभळट, तकतकीत, वरची कातडी ताणलेली. आणि एक उजव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी. त्याच जागेनं ती दुसऱ्याचा हात दाबायची.

देवी जाऊन फार वर्षं झाली नव्हती. अंगावरचा फोड म्हणजे काय, हे म्हाताऱ्या विसरल्या नव्हत्या. पण देवीत ताप असतो, आणि हिला ताप नव्हता. मग राहिला महारोग. तो शब्द कुणी पहिल्यांदा काढला कोण जाणे, पण वरंधच्या बाजूपासून इकडे पोलादपूरपर्यंत तो आमच्या आधी पोचलेला असायचा. आम्ही वाडीत शिरलो की बायका हात पदराखाली घेत. दारं लागत नव्हती, हे त्याहून वाईट वाटायचं. समोर उभ्या राहून, गोड बोलून, हात तेवढा लपवायचा.

एका लग्नघरी मावशीला चुडा भरायला बोलावणं होतं, आधीपासूनचं. नवरी पाटावर बसली होती, हिरव्या माळा सोडवून झाल्या होत्या. मावशीनं हात पुढे केला तशी नवरीची आजी मधे आली.

"बाय, माळा हितं ठेव. आमी भरू आमच्या हातानं."

"चुडा कासारणीनं भरायचा असतो, आजी."

"असतो गो. पण तुला बरं नाय. दमशील."

नवरीनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते. मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं माळा जमिनीवर ठेवल्या, हात लागणार नाही अशा बेतानं जरा पुढे सरकवल्या, आणि उठली. आम्ही परत निघालो. ओढ्यापाशी आल्यावर मला म्हणाली, "खरं सांग. लागतो काय गो हा?"

"नाही लागत, मावशी."

"मग तुझा चेहरा का असा?"

मला तिचा रोग लागण्याची भीती नव्हतीच. मला जी होती ती तिला सांगता येत नव्हती.

परतीची वाट बौद्धवाडीतून होती. मावशीनं हात पदरात गुंडाळला आणि वाडीला वळसा घालून जाऊ म्हणाली. पण सोनाबाईनं आम्हाला अंगणातून पाहिलं. सोनाबाईच्या तिन्ही बाळंतपणांना मावशी तिच्या उशाशी होती.

"मावशे, वाट चुकलीस काय? माझे हात रिकामे हायत."

मावशी तिथंच थांबली. "नको गो सोना. लोक काय बोलतात ते ऐकलंस ना?"

"ऐकलं." सोनाबाई चालत आली आणि तिनं मावशीचा गाठीचा हात पदरातून बाहेर काढला. "शिवू नको म्हनणारी लोकं आमच्या वळखीची हायत, मावशे. लय जुनी वळख. बस तू."

मावशी बसली. तिनं बांगड्या भरल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या हातून बांगडी वाढलेली पाहिली. सोनाबाईच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. तिनं तो पदरानं पुसला आणि "दुसरी घाल" म्हणाली.

महारोगाचे चट्टे तपासायला येणारे एक तंत्रज्ञ होते. मी त्यांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी मावशीच्या गाठींना पीस लावून पाहिलं, गरम-गार पाण्याच्या नळ्या टेकवल्या. तिला सगळं कळत होतं. कोपराच्या मागची शीर चाचपली, तीही सुजलेली नव्हती. "हा महारोग नव्हे," असं त्यांनी चार माणसांत सांगितलं. त्याचा उपयोग उलटाच झाला. महारोग नव्हे, मग काय? ही बाई कुणाबरोबर फिरते? सुईवालीबरोबर! सुईनंच अंगावर गाठी येतात. पुढच्याच आठवड्यात एका वाडीत मला पाहून बाप्यांनी पायवाट अडवली. कुणी हात उगारला नाही, पण मी लसींची पेटी घेऊन तशीच मागे फिरले. त्या वाडीत गोवराचं मूल तापानं फणफणलं होतं, हे मला दोन दिवसांनी कळलं. ते वाचलं. पण तोवर मला जेवण गेलं नाही.

दरम्यान मावशी सुकत चालली होती. महाडच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं. बाजारपेठेतल्या प्रयोगशाळेतल्या माणसानं काचपट्टी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि स्वतः उठून डॉक्टरांना बोलावून आणलं. मलाही बघू दिलं. निरोगी रक्तात एका नजरेत पांढऱ्या पेशी थोड्याच दिसतात, इथे एक, तिथे एक. इथे जांभळ्या ठिपक्यांची जत्रा भरली होती. पुरात वाहून आलेल्या लाकडांसारख्या त्या एकमेकींवर चढल्या होत्या. डॉक्टर वयस्क होते, खूप पाहिलेले. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याशी हळू आवाजात बोलले, "रक्ताचाही कॅन्सर दिसतोय. एका माणसाला दोन? माझ्या पाहण्यात नाही. मुंबईला न्या." तात्या बाहेर बाकावर होते. त्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी 'रक्तात दोष आहे' एवढंच सांगितलं. तात्यांनी मान हलवली. ते भगताकडे जाऊन आले होते, हे त्यांच्या दंडातल्या नव्या दोऱ्यावरून मला कळलं. दोरा मावशीच्या दंडात नव्हता, त्यांच्या स्वतःच्या दंडात होता. तिचं काय असेल ते माझ्यावर येऊ दे, असं काहीतरी ते मागून आले असणार.

जायच्या आधीच नवं संकट आलं. मावशीला तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या. हंडा रिकामा व्हायचा तरी ओठ कोरडेच. मग ती माणसं चुकायला लागली. मला सोना म्हणाली. एका सकाळी तात्या पहिल्या गाडीनं पोलादपूरला आले, पायात चपला नव्हत्या. "बाई, ती मला वळखत नाय हो. माझा हात धरलान आणि बांगडी चढवायला लागली. मी म्हटलं, अगो, मी हाय. तर म्हनते, सैल सोडा, नवरीबाई." आणि हा माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

मुंबईच्या गाडीत ती मधूनच शुद्धीत यायची, मधूनच जायची. माणगाव ओलांडल्यावर तिनं पुढच्या बाकावरच्या बाईचा हात धरला आणि मनगट दाबलं. बाईनं वळून पाहिलं, तो हात, त्या गाठी, आणि किंचाळली. गाडीत गोंधळ उडाला. "उतरवा यांना! लेकरं हायत गाडीत!" कंडक्टर बिचारा मधे उभा, त्याला काय करावं कळेना. तेव्हा तात्या उठले. आरशाला दचकणारे तात्या. वरची दांडी धरून ते म्हणाले, "ही माझी बायको हाय. हिला कॅन्सर हाय. तो लागत नाय. लागत असता तर मला पयला लागला असता, मी तिच्या ताटात जेवतो. आता कोनाला उतरायचं ते उतरा." आणि खाली बसून त्यांनी मावशीचा हात आपल्या दोन्ही हातांत झाकून घेतला. कुणी उतरलं नाही. मागचं बाक मात्र आमच्यासाठी रिकामं झालं, आणि मुंबई येईपर्यंत आमच्या आसपास कुणी बसलं नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं दंडावरची एक गाठ कापून तपासायला दिली, रक्त काढलं, सलाइन लावलं, भरपूर लघवी होईल अशी औषधं दिली. तीन-चार दिवसांत मावशीच्या डोळ्यांत ओळख परत आली. "अहो, दाढी का वाढवलीत?" हे तात्यांशी तिचं पहिलं वाक्य. मग डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. दोन आजार नाहीत, एकच आहे. गालातलाच. तो रक्तातून जाऊन कातडीत रुजलाय. तोंडाच्या आजारात असं फार क्वचित होतं. रक्ताचा कॅन्सर तर मुळीच नाही. या गाठीच असलं काही रक्तात सोडतात की हाडांतला मगज वेड्यासारख्या पांढऱ्या पेशी बनवत सुटतो. शत्रू नसताना फौज गोळा होते. हाडांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, तोही त्याच कारणानं सुटून रक्तात येतो, त्यानं तहान लागते, भ्रम होतो. "सलाइननं तो उतरवलाय. पण पुन्हा चढणार. आणि कातडीवर आलं म्हणजे…" तो थांबला. "घरी न्या. जे करायचं असेल ते आता करून घेऊ द्या." दोन नव्हे, एकच, हे ऐकून क्षणभर मला जो दिलासा वाटला होता, तो कुठल्या कुठे गेला.

त्यानं विद्यार्थ्यांना आणलं. पाच-सहा पोरं-पोरी खाटेभोवती. मावशी म्हणाली, "बघा, बघा. पन बघून झालं की पदर सारखा करून द्या." एका पोरीनं खरंच केला. मग मावशीनं डॉक्टरला थेट विचारलं. मला वाटलं, वाचेन का विचारेल. तिनं विचारलं, "हा कोनाला लागतो काय?"

डॉक्टरनं तिचा उजवा हात उघड्या हातानं उचलला आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या त्या गाठीवर आपला अंगठा दाबून ठेवला. "नाही. कुणालाही नाही."

"हे आमच्याकडं येऊन सांगता?"

तो कसनुसा झाला. इतक्या खाटा सोडून तो कसा येणार? मावशीनंच त्याला सोडवलं. "ऱ्हाऊ दे. मीच सांगते."

आणि तिनं सांगितलं. महाडला आल्यावर दोन दिवसांनी, माझ्या लसीकरणाच्या दिवशी, जिथून मला मागे फिरवलं होतं त्याच वाडीत ती गेली. चालवत नव्हतं, तात्यांनी आणि सोनाबाईच्या नवऱ्यानं तिला खुर्चीवर बसवून चढ चढवला. देवळाच्या ओट्यावर ती बसली. बायका लांब उभ्या होत्या, पदर नाकाला लावून. मावशीनं डोक्यावरचा पदर मागे टाकला, दंड उघडा केला.

"या गाठी बघायच्यात ना तुमाला? बघा. हा महारोग नाय. सुईनं झालेलं नाय. हिनं मला एकपन सुई दिलेली नाय, मुंबईवाल्यांनी दिल्या. हा कॅन्सर हाय. तंबाखूचा. तुमच्यातल्या किती जनींच्या गालात आता गोळी हाय ते मला हितनं दिसतंय." कुणीतरी चुळबुळलं. ती दातांतून बोलत होती, धाप लागत होती, पण ऐकू सगळ्यांना जात होतं. "मला भ्याला तर भ्या. ह्या पोरीला भिऊ नका. ही गेली तर तुमच्या पोरांना कोन बघणार?"

मग आमच्याबरोबर आलेली सोनाबाई आपली धाकटी लेक घेऊन पुढे झाली. मावशीनं पोरीला मांडीवर घेतलं, तिचा हात धरला, तिला काहीतरी विचारलं. पोर तिच्या काळवंडलेल्या गालाकडे बघत राहिली आणि मी सुई दिली. त्यानंतर दोघी आल्या. मग आणखी एक. बाकीच्या आल्या नाहीत. वाट अडवणाऱ्यांतला एक बाप्या कुंपणापाशी उभा होता. त्यानं शेवटी आपलं मूल आणलं, पण मावशीच्या मांडीवर दिलं नाही, स्वतः धरलं. उतरताना मावशी म्हणाली, "सगळ्या नाय आल्या." मी म्हटलं, "आल्या तेवढ्या पुष्कळ." ती म्हणाली, "पुष्कळ नाय. पन तुला वाट मिळेल."

तो तिचा शेवटचा चांगला दिवस. पुढच्या आठवड्यात तहान परत आली. मी रजा काढून महाडला तिच्याकडे राहिले. शुद्ध पूर्ण जायच्या आधीच्या दुपारी ती मला जवळ बोलावून म्हणाली, "मला लय भीती वाटते गो." आयुष्यभर दुसऱ्याच्या भीतीवर हात फिरवणारी बाई हे म्हणत होती. म्हैस व्याली का, असं काहीतरी विचारायला हवं होतं. मला तेवढी हातोटी नव्हती. मी म्हटलं, "मलाही वाटते, मावशी." तिनं डोळे मिटले. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली. "मला वाटलं मी एकटीच." त्यानंतर ती कुणाशीच अर्थाचं बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी, तात्या तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत असताना, पाणी ओठांवरून खाली ओघळलं.

शेवटची अंघोळ घालायला शेजारच्या बायका उंबऱ्याशी आल्या आणि तिथंच थांबल्या. दोघी आत आल्या, पण अंगाला हात लावायची वेळ आली तशा भिंतीला चिकटल्या. सोनाबाई पहिल्या गाडीनं आली होती. तिनं पदर खोचला, मी पाणी घातलं. सवाष्ण गेलेली, नवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. हिरव्या बांगड्या राहिल्या. बाहेर पुरुष खोळंबले होते. कुणीतरी म्हणालं, दुसऱ्या कासारणीला बोलवा. दुसरी कासारीण गल्लीतच होती, पण ती येईना.

तात्या आत आले. दुकानातून आणलेली माळ त्यांच्या हातात होती. बायांच्या घोळक्यात अशा वेळी पुरुषानं येऊ नये, असं कुणीतरी पुटपुटलं. त्यांनी ऐकलं नाही. तिच्या उजवीकडे ते मांडी घालून बसले आणि त्यांनी हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी ती गाठ. नेहमीच्या मापाची बांगडी तिथं अडकली. त्यांनी ती ओढली नाही, दाबली नाही. काढली, माळेत परत ओवली, आणि मोठ्या मापाची घेतली. ती गाठीवरून हळू, अगदी हळू, फिरवत पलीकडे नेली. मग दुसरी. त्यांचे हात जरासुद्धा कापत नव्हते. दोन्ही हात भरून झाल्यावर बाहेरून हाक आली, "तात्या, आटपा. ऊन चढतंय."

"झालंच," तात्या म्हणाले. पण त्यांनी हात सोडला नाही. आणि मीही कुणाला आत येऊ दिलं नाही.